गुळव्याच्या बोटाचे एकशे बारा काप

"एका काचेवर दोन माणसं बसवलीत तुम्ही, जगन्नाथराव. दोन. ही काय एसटी आहे, जरा सरकून घ्या म्हणायला?"

साहेब, म्हणजे आमच्या विभागाचे मोठे डॉक्टर, ओरडत होते. आवाज असा, की फळीवरच्या बाटल्यांतले तुकडे दचकून एकेक गिरकी घेऊन पुन्हा तळाशी बसले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. शेजारच्या खोलीत एका बाईच्या छातीचा एक्स-रे चालला होता, तो हलला आणि त्यात तिला चार फुप्फुसं आली, असं तिथला माणूस नंतर सांगत होता. त्याचं मी खात्रीनं सांगत नाही. तो जरा वाढवून बोलायचा.

मला भीती आवाजाची नव्हती. भीती 'जगन्नाथराव'ची होती. एरवी मी 'जगू', आणि 'तू'. राग चढायला लागला की मी 'जगन्नाथ' व्हायचो, मग 'राव' लागायचं, आणि 'तुम्ही' आलं म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं असं समजायचं. 'आपण' मी फक्त एकदा ऐकलं होतं. त्याची गोष्ट पुढं येईल.

सांगलीच्या एका दवाखान्यातली ही हकिगत, सत्तरच्या दशकातली. मी मूळ वडूजचा. आमच्याकडं विहिरीत बादली सोडली की धूळ भरून यायची आणि ती चाळून आम्ही पाणी काढायचो, हे मी सांगलीत आल्या आल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. कृष्णाकाठच्या माणसांना हे पटतं. तर मी तिथल्या पॅथॉलॉजी विभागात तंत्रज्ञ होतो. लोकांना वाटायचं हा रक्त-लघवी तपासतो. ते काम दुसऱ्याकडं. माझं काम माणसाचे काप करायचं.

घाबरू नका. सर्जन शरीरातला एखादा तुकडा काढतो, हरभऱ्याएवढा, कधी तांदळाएवढा. तो फॉर्मलिनमध्ये बुडवून माझ्याकडं येतो. मी त्यातलं पाणी अल्कोहोलनं काढून टाकतो, वितळलेल्या मेणात मुरवतो आणि मेणाची वडी पाडतो. वडीच्या पोटात तुकडा, जसं मोदकात सारण. मग ती वडी यंत्राला लावायची आणि चाक फिरवायचं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला सुरीखालून एक काप निघतो, इतका पातळ की डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असले बारा-चौदा मावावेत. एकाला एक चिकटून कापांची लांब रिबीन निघते. ती कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या जातात, मग अलगद काचेवर घ्यायची, अंड्याच्या पांढऱ्यानं चिकटवायची, जांभळ्या-गुलाबी रंगात बुडवायची आणि साहेबांच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. ते बघून सांगणार, साधं आहे की कर्करोग.

यात सगळा खेळ सुरीचा. तेव्हा सुरी हातानं लावावी लागायची, आधी दगडावर, मग चामड्याच्या पट्ट्यावर, न्हाव्याच्या वस्तऱ्यासारखी. माझी सुरी अशी असायची, की एकदा खिडकी उघडी राहिली आणि एक काप वाऱ्यानं उडाला, तो थेट पोस्टमनच्या चष्म्यावर जाऊन बसला. पातळ इतका, की त्याला पत्ताच नाही. आठ दिवस त्याला सगळी सांगली गुलाबी दिसत होती, आणि रजिस्टरची पत्रंसुद्धा तो हसत वाटत होता.

अशा गोष्टी मी रोज एक सांगायचो. लोक चहा पाजायचे. पण त्याचा एक तोटा होता, तो मला त्या दिवशी कळला.

आता गुळव्याकडं येतो.

तातोबा गुळव्या कराडजवळच्या मलकापूरचा. गुऱ्हाळ ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. उसाचा रस भल्या मोठ्या काहिलीत उकळत असतो, खाली चुलवाण पेटलेलं. रस आटत आटत जातो आणि एक क्षण असा येतो की काहील उतरवलीच पाहिजे. जरा आधी उतरवली तर गूळ पाघळतो, जरा उशीर झाला तर जळून काळा. तो क्षण सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. तो गार पाण्यात बोट बुडवतो, तसंच उकळत्या रसात घालतो, रस उचलतो, पुन्हा पाण्यात धरून त्याची गोळी वळतो आणि ती काहिलीच्या काठावर मारतो. 'टण्' वाजली की म्हणतो, "उतरा." त्याच्या एका शब्दावर मालकाचा अख्खा ऊस टांगलेला.

तातोबाच्या बोटाला सगळ्या कराड भागात मान होता. उजव्या हाताची तर्जनी. मालक लोक दसऱ्यालाच त्याच्या दारात येऊन बसायचे. पुढच्या मालकाच्या नजरेत भरू नये म्हणून मागच्या मालकानं त्याच्या बोटावर रुमाल बांधून ठेवला होता असं म्हणतात. कोण म्हणतं ते विचारू नका.

त्या बोटाच्या नखाशेजारी बऱ्याच वर्षांपूर्वी एक चामखीळ उठली. आपल्याकडं चामखिळीचं औषध काय? घोड्याच्या शेपटीचा केस बांधायचा, नाहीतर बिब्बा लावून जाळायची. तातोबानं घोड्याचा केस बांधून पाहिला, केस तुटला. मग दर वर्षी हंगाम संपला की बिब्बा. चामखीळ जळायची, पावसाळ्यात पुन्हा उगवायची, पुढच्या साली पुन्हा बिब्बा. शेवटी तिथं चार आण्याएवढा लालसर, खवल्यांचा चट्टा पडला, एका कडेनं फुटलेला, ओला. पण गडी खूश. का, तर त्याची आणि सगळ्या मालकांची अशी समजूत झाली होती, की ह्या खवल्यामुळंच बोटाला चटका बसत नाही. मालक मंडळी त्या चट्ट्याला नमस्कार करायची. चांगलं औषध करायला निघालेल्या माणसाला गावानंच दोनदा परत फिरवलं होतं.

शेवटी बायकोनं, हौसाबाईनं, त्याला एसटीत घातलं. सर्जननी चट्ट्याच्या कडेचा तुकडा घेतला तेव्हा ती दारात उभी होती. मी बाटली न्यायला गेलो होतो.

"दादा," ती मला म्हणाली, "ह्यास्नी इचारा, सा म्हयनं मी काय सांगत हुते."

"काय सांगत हुतीस," तातोबा म्हणाला, "तू तर म्हनलीस बायकूचं ऐका. त्ये मी लगीन झाल्यापास्नं ऐकतोय."

"ऐकतायसा व्हय? मग त्या बोटाला फडकं गुंडाळून जेवाय का बसत हुता? मला वंगाळ दिसतं म्हनून?"

"आवं दादा," त्यानं माझ्याकडं मोर्चा वळवला, "तुकडा न्येताय तर न्या, पर मोजून न्या. त्यात माजी भाकरी हाय."

सर्जननी त्यांना स्पष्टच सांगितलं होतं, की दिसतंय ते चांगलं नाही, तपासणीत कर्करोग निघाला तर बोट पेऱ्यापासून काढावं लागेल. शस्त्रक्रियेचा गुरुवार धरून ठेवला होता. तातोबानं तेव्हा मान हलवली. बाहेर आल्यावर हौसाबाईला म्हणाला, "कापायचं म्हनलं तर मी बुधवारच्या यष्टीनं जातो बघ. बोट न्हाई तर मला काहिलीपाशी कोन उभा करतंय?" आणि हा माणूस जाणार, हे त्याच्या बसण्यावरूनच कळत होतं. पिशवी त्यानं पायांत धरून ठेवली होती, खाली ठेवतच नव्हता.

त्याच दिवशी माझ्याकडं दुसरा एक तुकडा आला होता. कवठे महांकाळचा एक पैलवान, मानेवर चामखीळ. गडी तालमीच्या दारातून वाकून जाणारा, आणि सुई बघितल्यावर असा आडवा झाला की आम्ही तिघांनी मिळून त्याचा फक्त एक पाय पलंगावर चढवला. त्याचाही तुकडा मी मेणात घातला. दोन वड्या शेजारी शेजारी.

सोमवारी काचा साहेबांकडं गेल्या आणि मंगळवारी सकाळी ते ओरडत होते.

झालं होतं असं. तातोबाच्या काचेवर एका तुकड्याऐवजी दोन तुकडे दिसत होते, मध्ये फट. डावीकडच्या तुकड्यात स्वच्छ चामखीळ. उजवीकडच्या तुकड्यात कर्करोग. चामखिळीच्या पेशी ओळखायला सोप्या: मध्ये तासगावच्या बेदाण्यासारखं सुरकुतलेलं केंद्र आणि भोवती रिकामं कोंदण. कर्करोगाच्या पेशी म्हणजे शाळा सुटल्यावरची पोरं, कुणी मोठं, कुणी वेडंवाकडं, रांग म्हणून नाही. साहेबांनी सरळ हिशेब केला. ह्या गाढवानं पैलवानाची चामखीळ आणि गुळव्याचा कर्करोग एकाच वडीत घातला. किंवा त्याहून वाईट, चामखीळ गुळव्याची आणि कर्करोग पैलवानाचा.

"कळतंय का तुम्हाला काय केलंत?" साहेब म्हणाले. "गुरुवारी बोट कुणाचं कापायचं? आणि ज्याला खरा आजार आहे तो कवठे महांकाळला जाऊन दंड थोपटणार?"

"साहेब, एकाच माणसाचा तुकडा आहे तो," मी म्हणालो.

"एकाच बोटावर अर्धी चामखीळ आणि अर्धा कर्करोग?"

"असेल."

"असेल. पोस्टमनच्या चष्म्यावर उडून आला असेल."

इथं मला तो तोटा कळला. जन्मात पहिल्यांदा मी महत्त्वाचं खरं बोलत होतो आणि माझ्याकडं खरं बोलण्याचा चेहराच नव्हता.

आणि साहेबांना कारणही होतं. दोन वर्षांपूर्वी आटपाडीकडच्या एका बाईचा तुकडा माझ्या हातून मोरीत गेला. धुताना निसटला. मी सांगितलं, उंदरानं नेला. नुसतं उंदरानं म्हटलं असतं तर चाललं असतं, पण मी उंदराचा रंग सांगितला, त्याला मी कुठवर हाकलत नेलं ते सांगितलं. ती म्हातारी पुन्हा एसटीनं आली, पुन्हा तिच्या गालाचा तुकडा काढला.  जाताना "तुमच्याकडं उंदीर लय झाल्यात वाटतं," एवढंच म्हणाली. त्या दिवशी साहेबांनी मला 'आपण' म्हटलं होतं. "आपण बाहेर जावं." ते मला अजून ऐकू येतं. हा लेख विनोदी व्हावा अशी संपादकांची इच्छा आहे, पण हा भाग मी विनोदी करू शकत नाही.

साहेबांनी ठरवलं, दोघांचेही तुकडे पुन्हा घ्यायचे. पैलवानाला तार गेली. मी तातोबाकडं गेलो. तो बाहेर बाकावर होता, माझ्या खोलीच्या दाराला पाठ करून. दार उघडं होतं आणि आत कापांसाठी पाणी तापत होतं.

"पानी लय तापलं तुमचं," तो मागं न बघता म्हणाला.

मी आत जाऊन पाहिलं. खरंच तापलं होतं, त्यात मेण वितळलं असतं. मी ज्योत बारीक केली. म्हटलं, योगायोग. परत येऊन त्याला सांगितलं, की आणखी एक तुकडा द्यावा लागेल.

"न्हाई द्यायचा," तो म्हणाला. "त्या दिशी एक न्येला, आज एक. उद्या म्हनशीला तिसरा द्या. आवं, गुरुवारपातुर बोट तसंच सपंल की."

"तातोबा, गोंधळ झालाय जरा."

"कुनाकडनं?"

मी तोंड उघडलं. विजेचा दाब कमी झाला होता, हे वाक्य जिभेवर तयार होतं. त्यामागं दुसरं होतं, नवीन मेणात भेसळ. हौसाबाई माझ्याकडं बघत होती. तशीच नजर त्या आटपाडीच्या म्हातारीची होती.

दोन्ही वाक्यं गिळून मी आत साहेबांकडं गेलो.

"साहेब," मी म्हणालो, "सुरीला खाच होती."

"काय?"

"शनिवारी सुरी लावायची होती. मी लावली नाही. मी त्या औषधवाल्या विक्रेत्याला पोस्टमनची गोष्ट सांगत बसलो होतो. खाच असलेल्या सुरीनं काप घेतला की तो मधोमध फाटतो. ते दोन तुकडे नाहीत. एकच आहे, मी फाडलेला."

साहेबांनी चष्मा काढला. पुसला.

"ही थाप नाही," ते म्हणाले. "स्वतःच्या विरुद्ध कुणी थाप मारत नाही. निदान तुम्ही तरी नाही."

"वडी अजून शिल्लक आहे साहेब. सुरी लावतो आणि शेवटपर्यंत कापतो. एकही काप न टाकता, ओळीनं, नंबर घालून. दोन तुकडे असतील तर मध्ये कुठंतरी मेण लागेलच. एक असेल तर कातडी सलग दिसेल. त्याला पुन्हा टोचायला नको."

"उद्या दुपारपर्यंत," साहेब म्हणाले. "नाहीतर गुरुवारी सर्जन त्यांच्या मनानं करतील. आणि जगन्नाथराव, तोंड बंद ठेवून कापा."

हौसाबाईला मी एवढंच सांगितलं, की उद्या दुपारपर्यंत ह्यांना एसटीत चढू देऊ नका. तिनं नवऱ्याची पिशवी उचलली आणि स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली.

त्या दिवशी मी सुरी जी लावली तशी जन्मात लावली नव्हती. दगडावर, मग पट्ट्यावर, मग पुन्हा दगडावर. शेवटी तिच्या धारेकडं माशीनं नुसतं बघितलं असतं तरी दोन माश्या झाल्या असत्या. मग चाक फिरवायला घेतलं. श्वास धरून. कारण रिबिनीवर श्वास पडला की ती गुंडाळते. पस्तिसाव्या कापाला टक् असा आवाज आला आणि पुन्हा बारीक चीर. तुकड्यात काहीतरी टणक कण होता, बिब्ब्यानं जळलेल्या कातडीतला म्हणा. म्हणजे खाच फक्त माझ्या आळसाची नव्हती, तातोबाच्या बिब्ब्याचाही तिच्यात वाटा होता. मी सुरी सरकवली, पात्याची नवी जागा धरली आणि पुढं चाललो.

एकशे बारा काप. बाकीच्या आकड्यांबद्दल माझा आग्रह नाही, पण हा आकडा खरा आहे. साहेबांनी स्वतः मोजले.

बुधवारी दुपारी ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले ते उठेनात. मी शेजारी उभा. एक काच, दुसरी, तिसरी. मध्येच कुठली तरी मागची पुन्हा मागायचे. मेण कुठं लागत नव्हतं. कातडी सलग होती. शेवटी त्यांनी खुर्ची सरकवली आणि मला म्हणाले, "बघ."

मी पाहिलं. डावीकडं बेदाण्यांच्या पेशी, कोंदणासकट. उजवीकडं जाल तसं बेदाणे कमी आणि उंडगी पोरं जास्त. आणि मधल्या पट्ट्यात दोन्ही एकमेकांत मिसळलेली, एका पेशीला बेदाणाही आणि वेडेपणाही. कुठं एक संपतं आणि कुठं दुसरं सुरू होतं, हे बोट ठेवून दाखवता येत नव्हतं.

"आणि आता खाली बघ," साहेब म्हणाले. "बांध."

कातडीचे दोन थर असतात. वरचा आणि खालचा, आणि दोघांच्या मध्ये एक बारीक रेघ. शेताच्या बांधासारखी. कर्करोग वरच्या थरात जन्मतो. जोवर तो बांधाच्या वर आहे तोवर तो तिथल्या तिथं दंगा करतो, कुठं पसरत नाही. बांध फोडून खाली उतरला की मग त्याला रक्तवाहिन्यांच्या वाटा सापडतात. एकशे बारा कापांत तो बांध कुठंही फुटलेला नव्हता. वरचं शेत सगळं तणानं भरलेलं, पण बांध शाबूत.

"म्हणजे बोट?" मी विचारलं.

"हा तुकडा एका कडेचा आहे. पण सगळ्यात वाईट दिसणारी कड हीच. सर्जनना सांगतो, चट्टा नखाच्या कोपऱ्यासकट काढा, पूर्ण, आणि तो सगळा आमच्याकडं पाठवा. त्यातही बांध शाबूत निघाला तर बोटाला हात लावायचं कारण नाही." मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "जगू, जा, चहा सांग."

जगू. बस्स. एवढीच त्यांची माफी, आणि ती मला पुरली.

चहा पिताना साहेब एरवी बोलत नसत, त्या दिवशी बोलले. चामखीळ एका विषाणूमुळं होते, हे काही नवीन नव्हतं. पण तोच विषाणू कातडीच्या सुरुवातीच्या कर्करोगामागंही असेल का, अशी शंका परदेशी मासिकांतून कुणीकुणी बोलून दाखवायला लागलं होतं. "शंकाच आहे," ते म्हणाले. "आपल्याला एका बोटावरून काही म्हणता येणार नाही. चामखिळीशेजारी कर्करोग दिसला म्हणजे चामखिळीनं कर्करोग केला असं होत नाही. शेजारी राहिले म्हणजे नातेवाईक नव्हे." तरी त्यांनी निवडक काचा मुंबईला एका मोठ्या डॉक्टरांकडं पाठवल्या. तिकडून दोन ओळी आल्या. निदान मान्य, चामखीळ बहुधा योगायोग. साहेबांनी ते पत्र घडी घालून खणात ठेवलं आणि तो विषय पुन्हा काढला नाही. मला वाटतं, त्यांनी धीर करून मासिकात लिहायला हवं होतं. त्यांना वाटत होतं, अजून दहा बोटं दिसल्याशिवाय लिहू नये. दहा बोटं सांगलीत आलीच नाहीत. बिब्ब्यानं जाळून घरीच बसली असतील.

आज त्या विषाणूला नाव आहे, ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, एचपीव्ही. त्याचे ढीगभर वाण आहेत. हातापायावरच्या साध्या चामखिळी करणारे वाण निरुपद्रवी, त्यांच्यामुळं झोप घालवू नका. पण काही वाण खोडसाळ. बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग ज्याच्यामुळं होतो त्यातलाच एक वाण नखाजवळच्या असल्या चट्ट्यांत पुष्कळदा सापडतो. तेव्हा नखापाशी एखादी चामखीळ वर्षानुवर्षं जात नसेल, लाल खवले धरत असेल, फुटत असेल, तर बिब्बा ठेवा बाजूला आणि डॉक्टरला दाखवा. तातोबानं दर वर्षी जाळली म्हणूनच आत काय चाललंय ते कुणाला दिसलं नाही.

हा शोध सांगलीत, एका मंगळवारी, एका खाच पडलेल्या सुरीमुळं लागला, हे मी सगळ्यांना सांगतो. आता कुणी विश्वास ठेवत नाही. पोस्टमनच्या गोष्टीवर मात्र ठेवतात.

गुरुवारी चट्टा निघाला, नखाच्या कोपऱ्यासकट. बोटावर मांडीची पातळ कातडी लावली. काढलेला सगळा भाग माझ्याकडं आला, मी कापला, बांध सगळीकडं शाबूत. पैलवानाची वडीही साहेबांनी पुन्हा पाहिली, शुद्ध चामखीळ. त्याला दुसरी तार गेली, येऊ नको. तो आलाच नव्हता. सुईच्या भीतीनं तो पहिली तार मिळाल्यावर आजोळी पळाला होता.

पट्टी सोडल्यावर तातोबा बराच वेळ बोट उलटसुलट करून बघत होता.

"खवला गेला की वो," तो म्हणाला.

"खवला गेला, बोट राहिलं," मी म्हणालो.

"मालक काय म्हनतील?"

"मालकाला काय सांगायचं ते सांगू आपन," हौसाबाई म्हणाली. "चटका बसाया लागला तर वरडू नका म्हंजी झालं."

हंगाम सुरू झाला तसा त्यानं मला निरोप धाडला, काकवी खायला या. मी गेलो. मलकापूरच्या बाहेर, उसाच्या फडाकडेला गुऱ्हाळ. मालक फेटा बांधून उभा, पाच-सहा शेतकरी भोवती. मी तिथं गप्प बसणार होतो काय? एकशे बारा कापांची गोष्ट सुरू केली, आणि हे बोट माझ्या सुरीच्या धारेवर कसं तरलं, मुंबईहून डॉक्टर मोटारी घेऊन बघायला कसे आले, इथपर्यंत आणली.

"गप बसा जरा," तातोबा म्हणाला. "रस हुत आलाय."

सगळे गप्प. मालकानं हात जोडले. काहिलीतली खदखद मंद होत होती, जाड होत होती. तातोबा डोळे अर्धे मिटून उभा. मग त्यानं बोट गार पाण्यात बुडवलं, त्या नव्या कातडीसकट, आणि सावकाश, सगळ्यांना दिसेल असं, रसात घातलं. गोळी वळली. काठावर मारली. टण्.

"उतरा."

काहील उतरली. गूळ असा झाला की त्यात तोंड बघून मालकानं फेटा सारखा केला. "बोट ते बोट," मालक सगळ्यांना सांगत सुटला, "खवला जाऊंद्या न्हाईतर ऱ्हाऊंद्या."

मी फुगलो होतो. नंतर तातोबा हात धुवायला मागं गेला, मी त्याच्या मागं गेलो. म्हटलं, "तातोबा, खरं सांग गड्या. ती मांडीची कातडी. तिला कळतंय का, रस कवा झाला ते?"

त्यानं बोट धोतराला पुसलं.

"बोटाला कवा कळत हुतं? मी पयल्यापास्नं कानानंच वळखतो. बोट मालकाला दावाया लागतं."